खुंट की माणूस? : प्रशासनातील संशयाची मर्यादा

प्रशासनाविरुद्ध दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पहिली अशी की शासकीय यंत्रणा कोणत्याही कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवते. त्यामुळे बोगस लाभार्थी, बनावट दाखले आणि केवळ कागदावरची कामे सुखेनैव नांदतात. दुसरी अशी की ही यंत्रणा कोणावरच विश्वास ठेवत नाही. खऱ्या माणसाला आपले खरेपण सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. संशय कमी आहे की जास्त, एवढ्या मोजमापाने त्याचे उत्तर मिळत नाही. संशय कशावर घ्यावा, कोणत्या आधाराने घ्यावा आणि तो कुठे थांबवावा, हे ठरवल्याशिवाय आपण संशय घेत आलो आहोत, हे त्याचे उत्तर आहे असे मला वाटते.

तत्त्वज्ञानाला हा प्रश्न नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची गणना आहे. त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग तिसरे स्थान संशयाला आहे, चौथे प्रयोजनाला आणि नववे निर्णयाला. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. नैयायिकांच्या दृष्टीने संशय हा दोष नव्हे. जे पूर्णपणे अज्ञात आहे किंवा पूर्णपणे निश्चित आहे त्याबाबत विचाराला प्रवृत्त होण्याचे कारणच नसते, विचार सुरू होतो तो संशयित विषयात. परंतु संशयामागे प्रयोजन असले पाहिजे आणि त्याचा शेवट निर्णयात झाला पाहिजे.

या परंपरेतील ठरलेले उदाहरण संधिप्रकाशाचे आहे. दूरवर काहीतरी उभे दिसते. तो वठलेल्या झाडाचा खुंट असेल किंवा माणूस असेल. उंची दिसते, जी दोघांतही असते. हातपाय दिसत नाहीत, जे एकातच असतात. समान धर्म दिसला आणि विशेष धर्म दिसला नाही, म्हणून संशय उत्पन्न झाला. म्हणजे संशयालाही कारण लागते. भर दुपारी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून 'हा खुंट असेल काय?' असे म्हणणे याला नैयायिक संशय म्हणणार नाहीत. आणि संशय फिटण्याचा मार्गही त्या उदाहरणातच आहे. पाहणाऱ्याने चार पावले पुढे जायचे असते; खुंटाने अर्ज घेऊन यायचे नसते.

अर्थात, संशयाला असा लगाम घालणे सर्वांना मान्य नव्हते. नागार्जुनाने प्रमाणांनाच प्रश्न विचारला : प्रमाणांनी सर्व सिद्ध होते म्हणता, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या जयराशी भट्टाने 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथात एकेक प्रमाण घेऊन ते टिकत नाही असे दाखवण्याचा घाट घातला. बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खण्डनखण्डखाद्य' लिहून नैयायिकांच्या व्याख्यांची चिरफाड केली. या आक्षेपांना उदयनाचार्यांपासून गंगेश उपाध्यायांपर्यंत मिथिलेच्या नैयायिकांनी जे उत्तर घडवले ते प्रशासकाने लक्षात ठेवावे असे आहे. संशय कुठवर ताणता येतो? स्वतःच्या कृतीशी विसंगती येईपर्यंत. धूर आणि अग्नी यांच्या संबंधाविषयी शंका घेणारा माणूस धूर हवा असेल तेव्हा अग्नीच पेटवतो, भूक लागली की अन्नच शोधतो आणि आपली शंका दुसऱ्याला कळावी म्हणून शब्दच वापरतो. ज्या गोष्टीवर तो आचरणात निःशंकपणे विसंबतो तिच्यावरच तोंडाने शंका घेतो. याला त्यांनी स्वक्रियाव्याघात म्हटले. श्रीहर्षाने उदयनांचा हा युक्तिवादही उलटवण्याचा प्रयत्न केला होता, आणि शुद्ध तर्काच्या पातळीवर तो वाद संपला असे कोणी म्हणणार नाही. परंतु व्यवहारात वागणाऱ्या संस्थेसाठी ही कसोटी पुरेशी कठोर आहे.

आता तत्त्ववेत्त्याच्या आणि कार्यालयाच्या संशयातील मुख्य फरकाकडे येतो. अठराव्या शतकातील स्कॉटिश विचारवंत डेव्हिड ह्यूम याने कार्यकारणभावापर्यंत सगळ्यावर शंका घेतली. पण मित्रांबरोबर जेवण आणि खेळ झाला की त्या शंका आपल्यालाच निरर्थक वाटू लागतात, असेही त्याने प्रांजळपणे नोंदवले. त्याच्या संशयाचा त्रास झालाच तर त्याला एकट्याला झाला. कार्यालयाच्या संशयाचे तसे नसते. फाइलवर 'तपासून फेरसादर करावे' असा शेरा मारणारा अधिकारी संध्याकाळी घरी जातो. त्या शेऱ्याची किंमत मोजणारा माणूस वेगळा असतो. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते, एस. टी.चे भाडे जाते, कधी औषध लांबणीवर पडते. ज्या संशयाची किंमत संशय घेणाऱ्याला द्यावी लागत नाही, तो संशय आपोआप थांबत नाही. त्याला बाहेरून मर्यादा घालावी लागते.

उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्याचे लाल बिहारी यांची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. १९७६ च्या सुमारास कर्जासाठी कागदपत्रे गोळा करताना त्यांना कळले की महसुली अभिलेखानुसार आपण मृत आहोत. जमीन नातेवाइकांच्या नावे झालेली आहे. स्वतःचे जिवंतपण नोंदवून घेण्यासाठी त्यांना १९९४ पर्यंत झगडावे लागले. नावापुढे 'मृतक' लावून ते निवडणुकीला उभे राहिले आणि आपल्यासारख्यांचा 'मृतक संघ' त्यांनी स्थापन केला. २००३ मध्ये त्यांना 'इग नोबेल' हे विनोदी अंगाने दिले जाणारे शांतता पारितोषिक मिळाले. जगाने हसून घेतले. पण त्यातील तर्कदोष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डेकार्तने सगळ्यावर संशय घेऊन शेवटी विचार करणाऱ्या 'मी'पाशी थांबायचे ठरवले होते. तहसिलीत मात्र तो 'मी' समोर उभा राहून बोलत असतानाही संशय थांबला नाही.

हा अतिसंशयाचा नमुना आहे असे सहसा म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. तेथे जिवंत माणसावर पूर्ण संशय होता, आणि त्याच टेबलावरच्या नोंदवहीवर पूर्ण विश्वास होता. खरा संशयवादी असा भेद करणार नाही. नागार्जुनाला त्या कार्यालयात बसवले असते तर त्याने आधी नोंदवहीला विचारले असते : तू कोणाच्या सांगण्यावरून लिहिली गेलीस? लेखपालाने नोंद कोणत्या पुराव्यावर घेतली, ती कोणी तपासली, हे प्रश्न विचारण्यासाठी फार मोठ्या तत्त्वज्ञानाचीही गरज नव्हती. प्रारंभी उल्लेखिलेल्या दोन तक्रारी एकाच वेळी खऱ्या कशा, याचा उलगडा येथे होतो. अंधविश्वास आणि अतिसंशय हे येथे एकाच वृत्तीचे दोन भाग आहेत. कागदावरचा विश्वास जितका आंधळा, तितका माणसावरचा संशय अमर्याद.

विट्गेनश्टाइनची निश्चिततेवरील टिपणे त्याच्या निधनानंतर, १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. दार फिरायचे असेल तर बिजागरी स्थिर असावी लागते, तसे कोणताही संशय घेण्यासाठी काही गोष्टी संशयाबाहेर ठेवाव्याच लागतात, असा त्यांतील एक विचार आहे. प्रशासनालाही बिजागऱ्या लागतात. प्रत्येक नोंद रोज पहिल्यापासून तपासत बसलो तर एकही काम उभे राहणार नाही. पण आपली बिजागरी कोणती, हे आपण जाणीवपूर्वक ठरवले आहे काय? बहुधा नाही. ती सवयीने ठरते. आणि सवय अशी की जे आपल्या कपाटात आहे ते खरे, जे दाराबाहेर उभे आहे ते सिद्ध व्हायचे आहे.

मिथिलेच्या नैयायिकांची कसोटी आता शासनाच्या एकूण वागण्याला लावून पाहू. जनगणनेत प्रगणक घरोघर जातो आणि कुटुंब सांगेल ते नोंदवतो. वयाचा दाखला, शिक्षणाचे प्रमाणपत्र मागत नाही. २०११ मध्ये या पद्धतीने १२१ कोटी लोकांची माहिती गोळा झाली आणि मतदारसंघांच्या आरक्षणापासून धान्याच्या कोट्यापर्यंत अनेक निर्णयांचा आधार लोकांनी तोंडी दिलेली ती उत्तरेच आहेत. आयकरात करदाता स्वतःच आपले उत्पन्न सांगतो, स्वतःच कर काढतो. त्यांतील अत्यल्प विवरणपत्रे छाननीसाठी निवडली जातात. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या बाबतीत शासन शब्दावर विसंबते आणि निवडक तपासणी करते. हेच शासन निवृत्तिवेतनधारकाकडून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेते, आणि विधवेच्या किंवा निराधाराच्या तुटपुंज्या अनुदानासाठी एकेका विधानाला एकेक दाखला मागते. मृत्यूनंतरही निवृत्तिवेतन चालू राहण्याचा धोका खरा आहे, हे मान्य. पण मृत्यूची नोंद ठेवणारी यंत्रणा शासनाचीच आहे. आपली एक शाखा दुसरीशी बोलत नाही, म्हणून ऐंशी वर्षांच्या माणसाने दरवर्षी आपण आहोत हे सांगायचे, यात संशयापेक्षा सोय अधिक आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' या डिजिटल सुविधेने आणि २०२१ पासूनच्या चेहरा-ओळखीने हेलपाटे कमी केले, ही चांगली गोष्ट झाली. प्रश्न मात्र तोच राहिला.

असे का होते? 'बाबूंची मानसिकता' हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. अधिकाऱ्यावरही कोणीतरी संशय घेत असते. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये एक उपखंड असा होता की लोकहित नसताना एखाद्याला आर्थिक लाभ मिळवून देणे एवढ्यावरही अधिकारी गुन्हेगार ठरू शकत होता. २०१८ च्या दुरुस्तीने तो उपखंड गेला. त्याने घडवलेली सवय गेली नाही. शिवाय चुकांची मोजणी एकतर्फी आहे. एका अपात्राला लाभ दिला तर लेखापरीक्षणाचा परिच्छेद निघतो, वसुली लागते, विभागीय चौकशी होते. दहा पात्रांना नाकारला तर फाइलवर काहीच उमटत नाही, कारण नाकारलेल्याचे देयक नसते आणि देयक नसेल तर लेखापरीक्षणापुढे सहसा काही येत नाही. अशा व्यवस्थेत प्रत्येक पायरी आपल्यावरचा संशय खालच्या पायरीकडे सरकवते. शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या अर्जदाराला तो पुढे सरकवायला कोणी उरत नाही.

यावरून संशयच सोडून द्यावा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल केले की ताळेबंदातील रोख व बँक शिलकेपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. बँकेकडून शिल्लक स्वतंत्रपणे पडताळून घेणे ही लेखापरीक्षकाची अगदी प्राथमिक प्रक्रिया. ती नीट पाळली गेली नव्हती, असे अमेरिकेच्या नियामकांनी २०११ मध्ये नोंदवले. प्रतिष्ठित नाव आणि छापील कागद यांपुढे संशय मौन राहिला. तो ज्या ठिकाणी हवा होता, जेथे रक्कम मोठी होती, लपवण्याचे कारण होते आणि तपासण्याचा स्वतंत्र मार्ग उपलब्ध होता, तेथेच तो नव्हता. विवेकी संशय जोखमीच्या मागे जातो. आपला संशय बहुधा उतार शोधतो, आणि उतार नेहमी दुर्बळाच्या दिशेने असतो.

यंत्राने ही अडचण सुटेल, अशी एक आशा गेली काही वर्षे बाळगली जाते. यंत्र पक्षपात करत नाही हे खरे. पण चार पावले पुढे जाऊन हातपायही पाहत नाही. श्रमाने झिजलेला अंगठा जुळला नाही तर त्याच्या लेखी समोर खुंट आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधार जोडले नाही म्हणून शिधापत्रिका रद्द झाली आणि उपासमारीने ती गेली, असे कुटुंबाचे म्हणणे. मृत्यू हिवतापाने झाला, असे शासनाचे. त्यानंतरच्या महिन्यात केंद्राने राज्यांना कळवले की केवळ आधार नाही म्हणून कोणाचे नाव यादीतून वगळू नये. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी त्याच राज्यात केलेल्या अभ्यासात असे दिसले की केवळ बायोमेट्रिक पडताळणीने गळती कमी झाली नाही, आणि ज्यांचे आधार जोडलेले नव्हते त्यांच्या पदरी पडणारा लाभ मात्र घटला. पुढच्या टप्प्यात शिल्लक धान्याचा हिशेब कडक केल्यावर गळती घटली, पण त्यातही काही खऱ्या लाभार्थ्यांचे धान्य गेले. संशयाची रचना करणाऱ्याने हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

कायद्याने याबाबत आपल्यापेक्षा अधिक प्रौढपणा दाखवला आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने 'सिद्ध' या शब्दाची व्याख्या करताना संपूर्ण निश्चितता मागितली नाही. सुज्ञ मनुष्य ज्या संभाव्यतेवर विसंबून वागेल तेवढी पुरेशी मानली. तीस वर्षांच्या आत जिवंत असल्याचे ज्ञात असलेला माणूस मृत आहे असे म्हणणाऱ्यावर सिद्धतेचा भार टाकला, आणि ज्याची माहिती असायला हवी त्यांना सात वर्षे ज्याची खबर नाही तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यावर उलट भार टाकला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तत्त्वे कायम आहेत. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. तरीही १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले की संशय वाजवी असावा, प्रत्येक काल्पनिक शंकेला वाजवी संशय मानू नये. आणि ११ जुलै २०२४ रोजी आसाममधील एका माणसाच्या नागरिकत्वाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सिद्धतेचा भार नागरिकावर टाकण्यापूर्वी शासनाकडे संशयाला काही आधार असला पाहिजे. नुसता आरोप पुरत नाही, आणि नावाच्या स्पेलिंगमधील किंवा तारखांमधील किरकोळ फरकांवरून निष्कर्ष काढता येत नाही. न्यायालयाने त्याला भारतीय ठरवले. तो त्याआधीच मरण पावला होता, असे नंतर वृत्तपत्रांतून आले.

मग कार्यालयात करायचे काय? माझी सूचना साधी आहे. कोणत्याही प्रकरणी त्रुटी काढण्यापूर्वी टिपणीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. एक, संशयाचा आधार कोणता? 'खात्री होत नाही' हा आधार नव्हे. दोन, नेमका कोणता पुरावा आला की हा संशय फिटेल? तो पुरावा एकदाच आणि पूर्ण मागावा. हप्त्याहप्त्याने काढलेल्या त्रुटी हा संशय नसून वितंडा आहे, ज्यात समोरच्याचे खोडून काढायचे असते, स्वतःचे काही मांडायचे नसते. तीन, तो पुरावा शासनाच्याच दुसऱ्या दप्तरात आहे काय? असेल तर तो आणण्याचे काम शासनाचे. चार, किती दिवसांत संशय संपवून निर्णय होईल? मध्य प्रदेशाने २०१० मध्ये आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवांच्या हमीचे कायदे करून मुदती घातल्या. परंतु त्रुटी काढताच दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे ठरले तर मुदतीला अर्थ उरत नाही.

संशय निर्णयाच्या आधीच संपूर्ण खर्च करून टाकण्याची गरजही नसते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००९ च्या बाराव्या अहवालात स्वप्रमाणनाची शिफारस केली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मूळ कागद न पाहताच प्रतींवर शिक्के मारण्याची राजपत्रित परंपरा बऱ्याच अंशी मागे पडली. आभाळ कोसळले नाही. आधी शब्दावर विश्वास, नंतर निवडक आणि कसून तपासणी, खोटे आढळल्यास निश्चित शिक्षा, ही रीत संशयाचा त्याग करत नाही; त्याला योग्य जागी नेऊन बसवते. याच्या जोडीला वरिष्ठांनी एक गोष्ट केली पाहिजे : नाकारलेल्या अर्जांचाही नमुना काढून दर तिमाहीस तपासावा. चुकीने दिलेल्या लाभाइतकाच चुकीने नाकारलेला लाभ अभिलेखावर दिसू लागला, तर हाताखालच्या माणसाचा संशयही आपोआप दोन्ही बाजूंना पाहू लागेल.

यानंतरही काही प्रकरणे संधिप्रकाशातच राहतील. सर्व पुरावा पाहूनही खात्री होणार नाही, आणि तरीही सही करावी लागेल. ती जोखीम पत्करण्यासाठीच अधिकारी नेमलेला असतो. सर्वच गोष्टी निश्चित असत्या तर त्याच्या खुर्चीत कारकून पुरला असता. संशय ही निर्णयाकडे जाणारी वाट आहे. तीवर घर बांधून राहणाऱ्याला सावध म्हणू नये, आणि त्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला खुंट म्हणू नये.